मामांची पाटी

यवतमाळ जिल्ह्यातल्या डासांनी कधी कोर्टात फिर्याद केलीच, तर पहिले आरोपी माझ्या बायकोचे मामा असतील. नेरला एसटी स्टँडवर त्यांनी जन्मभर माईकवरून गाड्या पुकारल्या. रिटायर झाले, माईक सुटला, आवाज मात्र तिथेच राहिला. घरात भाकऱ्या झाल्या तरी "प्रवाशांनी लक्ष द्यावे" असं म्हणूनच ते आम्हाला पानावर बोलावतात. कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी कूलर बघतात. पाणी शिळं दिसलं की उपडा! पांढरकवड्याला पुतणीच्या साखरपुड्यात झाकण नसलेला ड्रम दिसला, तो यांनी मांडवाबाहेर नेऊन ओतला. पंगत उठली तेव्हा हात धुवायला थेंब नव्हता. व्याही वरणाचे हात वर धरून उभे, आणि मामा त्यांना डासाच्या अळीचं चरित्र सांगतायत!

या वेडाला कारण होतं. गेल्या दिवाळीत मामींना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरल्या, मामा दवाखान्याच्या बाकावरून हलले नाहीत. मामी वाचल्या. घरी सोडताना डॉक्टर सहज बोलून गेले, की डेंग्यूचे चार प्रकार असतात; झाला तो सहसा परत होत नाही, पण उरलेल्या तिघांपैकी एखादा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. झालं! मामी बऱ्या झाल्या आणि मामा आजारी पडले.

दुसऱ्या दिवशी ते लॅबवाल्यापुढे हजर. "गाडी येऊन गेली हे तुमी सांगता, मंग पाटी काहून नाही वाचत? चारातली कोनती होती?"

लॅबवाला बिचारा सज्जन. "मामाजी, ते चौघं सख्खे भाऊ आहेत. एकाशी लढायला रक्तात अँटिबॉडी तयार होतात, पण त्या चौघांवरही हात उचलतात. आमच्या साध्या टेस्टमध्ये डेंग्यू कळतो, भाऊ नाही कळत." मोठ्या प्रयोगशाळेत म्हणे रक्तातला पातळ भाग चारही विषाणूंसमोर वेगवेगळा ठेवतात आणि तो कोणाला सगळ्यात जास्त अडवतो ते बघतात. तेही आजारानंतर काही महिने जाऊ दिले तर ओळख नीट पटते.

मामांनी उन्हाळ्यापर्यंत दम धरला. माझा एक मित्र नागपुरात याच कामात आहे, मला त्याच्या मागे लावून त्याला कबूल करायला लावलं. नमुना बर्फाच्या डब्यात जायचा होता. मामा म्हणाले, कुरिअर कायले? डबा घेऊन स्वतः एसटीत बसले, खिडकीची जागा डब्याला दिली आणि वाटेत कंडक्टरला तीनदा बजावलं, "आपली मामी हाये याच्यात. गचके कमी."

रिपोर्ट आला तेव्हा मी नेरलाच होतो. चारातला दोन नंबरचा! मामांनी ओसरीवर उभं राहून मूठ तोंडाशी धरली आणि सगळ्या गल्लीला ऐकवलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! पाटी सापडलेली आहे!" समोरची पोरं टाळ्या पिटायला लागली. मीही पिटल्या.

मग ते खाटेवर बसले ते बसलेच. कागद गुडघ्यावर तसाच. हळू आवाजात म्हणाले, "जवाईबापू, मंग तीन गाड्या बाकीच हायेत नं?"

प्रत्येक गाडी प्रत्येकाच्या दारी येत नाही, असं काहीतरी पुटपुटलो. मामांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मामी उंबऱ्यात अंबाडी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येऊ द्या न. तुमी बसून राह्यले नं स्टँडवर. त्याईची काय हिंमत इथं थांबाची?"

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुष्कळ वेळ पुसला. मग "येतोच" म्हणून शेजारी गेले. शेजाऱ्यांचा कूलर उपडा केल्याचा आवाज आला. त्या दिवशी मग त्यांनी पुन्हा काही पुकारलं नाही.