पोपट छाप आणि उस्तादांचा कान

वर्कशॉपमध्ये किस्से कुणी ठरवून जमवत नाही. झिजलेले नट-बोल्ट एखाद्या डब्यात साठत जातात, तसे ते आपोआप साठतात. डबा उघडला की वाटतं, यातलं अर्धं तर त्याच वेळी फेकून द्यायला हवं होतं! पण फेकवत नाही. या किश्शांना तेव्हा हसणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत, त्यामुळं मी एकटाच सांगतो आणि एकटाच हसतो. हसण्यासारखंही त्यात फार नाही म्हणा.

उस्मानाबादेत चाँदभाईंचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप कसलं, चार पत्रे आणि एक लिंब! हैदराबादच्या निजामाच्या राज्यात ते सरकारी मोटारखान्यात फिटर होते. विलीनीकरणानंतर ती नोकरी गेली. खेड्यापाड्यांत विहिरींवर ऑइल इंजिनं यायला लागली होती, तेव्हा त्यांनी हा उद्योग काढला. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं, मी आणि नामदेव. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. सगळं गावच म्हणायचं.

उस्तादांची कीर्ती होती ती त्यांच्या कानामुळं. लांबून येणाऱ्या इंजिनाच्या आवाजावरून ते सांगायचे, "बेअरिंग गेलंय. त्याला म्हणावं, बंद कर न्हायतर रडशील." संध्याकाळपर्यंत तो शेतकरी खरोखरच रडत यायचा!

*

चौकात एका शेटजींचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. शेटजी सोलापूरहून हत्यारं घाऊक आणायचे आणि प्रत्येकावर स्वतःच्या दुकानाचा पोपटाचा शिक्का ठोकायचे. तो त्यांचा पोपट छाप माल. विलायती पान्याच्या चौथाई किमतीत पोपट छाप पाना मिळायचा. गंमत अशी की त्या ढिगात सगळंच वाईट नसायचं. एखादा पाना असा निघायचा की विलायतीनं त्याला सलाम करावा. दुसरा पहिल्याच नटाला मान टाकायचा. दिसायला दोघं सख्खे भाऊ!

उस्ताद तो ढीग निवडायचे. पाना सुतळीला टांगायचा, त्यावर छोट्या हातोडीनं टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. टण्ण वाजला तर आपला, थड वाजला तर शेटजींचा. आत चीर असली की लोखंड थड बोलतं.

एकदा गिऱ्हाईक खोळंबलं तेव्हा शेटजी वैतागले. "उस्ताद, पाना घ्यायला आलाय का तबला?"

"शेटजी, तबला फुटला तर वाजवणाऱ्याचं बोट जात न्हाय!"

*

पण स्वस्तातलं कधी घ्यायचं आणि कधी नाही, याचा उस्तादांचा हिशेब वेगळाच होता. नामदेवानं एकदा हौसेनं विलायती पेचकस घेतला आणि त्यानं ग्रीसच्या डब्याचं झाकण उचकटायला बसला. उस्तादांनी तो हातातून काढून घेतला.

"झाकणाला विलायती? आन् काल फ्लायव्हील काढताना पोपट हातात हुता व्हय रं?"

"दोनी पेचकसच की, उस्ताद."

"तुटलं तर काय जाईल, ते बघ आधी. येळ जाणार असंल तर पोपट घे. हात जाणार असंल तर विलायती घे. आन् डोकंच जाणार असंल तर कामच नको घेऊ!"

नामदेव म्हणाला, "आन् हातात विलायती घ्यायला पैसे नसले तर?"

उस्तादांनी पेचकस त्याला परत दिला. मग म्हणाले, "मग माझा कान हाय की."

*

पोपट छाप कानशीची गोष्ट तर विचारूच नका. उस्ताद गावाला गेले असताना नामदेव एकट्याच्या अकलेनं ती घेऊन आला. सकाळभर आम्ही आळीपाळीनं एक शाफ्ट घासला. दुपारी बघतो तर शाफ्ट होता तसाच, आणि कानस मात्र आरशासारखी गुळगुळीत! आम्ही कानशीनं शाफ्ट घासत होतो का शाफ्टानं कानस, काही कळेना.

उस्तादांनी आल्यावर तिच्यावरून बोट फिरवलं. "नामदेवा, ही घरी ने. तुझ्या बायकोला लाटणं झालं!"

नेली त्यानं. त्याच्या बायकोनं ती चुलीतले निखारे सारायला बरीच वर्षं वापरली. उस्तादांनी न निवडलेली पोपट छाप वस्तू टिकलेली मी तेवढी एकच पाहिली.

*

वर्कशॉपचा एक रिवाज होता. विहिरीतून इंजिन वर ओढताना ज्यानं दोर-साखळी पास केली असेल, त्यानंच खाली उभं राहायचं. पास अर्थात उस्तादच करायचे. सास्तूरला एका विहिरीत आठ माणसांचं वजन असलेलं इंजिन वर टांगलेलं आणि त्याच्या बरोबर खाली उस्ताद निवांत चहा पीत उभे! शेतकरी वरून ओरडायला लागला, "उस्ताद, बाजूला व्हा की!"

"म्या बाजूला झालो, तर या पोरांनी कशाच्या भरवशावर खाली यायचं?"

चहा संपल्यावरच ते हलले. शेतकऱ्याचा चहा मात्र तसाच गार झाला.

*

आयुष्यभर इंजिनांच्या फडफडाटात राहून उस्तादांचा कान गेला. एका दिवसात गेला नाही. घरातलं माणूस म्हातारं होतं तसा गेला, रोज बघणाऱ्याला दिसू नये असा.

आम्हाला कळलं ते एका मळ्यात. इंजिन दुरुस्त करून सुरू केलं होतं. उस्ताद बाभळीखाली बसून, डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होते. मध्येच डिझेल संपलं आणि इंजिन बंद पडलं. रानात चिडीचूप. कुठंतरी होला घुमत होता तेवढाच.

उस्ताद डोळे न उघडता म्हणाले, "आता बघा! कसं घड्याळावानी चाललंय!"

शेतकऱ्यानं आ वासला. नामदेव चपळाईनं पुढं झाला, डिझेल ओतलं, हँडल मारलं आणि इंजिन सुरू केलं. मग शेतकऱ्याला म्हणाला, "तुमी जरा च्याचं बघा की पावनं!"

येताना वाटेत मी आणि नामदेव एकमेकांकडं बघत नव्हतो. एरवी असल्या गोष्टीवर आम्ही महिनाभर हसलो असतो.

तो कान गेला हे गावात कळलं असतं, तर वर्कशॉप बुडालं असतं. स्टँडजवळ नवं वर्कशॉप निघालंच होतं. पण खरी भीती ती नव्हती. उस्तादांना कळलं असतं, ही होती.

*

पुढं पुढं आम्ही उस्तादांशी तोंडासमोर येऊन, मोठ्यानं बोलायला लागलो, पण दुकानात ती युक्ती चालायची नाही. उस्ताद सुतळीला पाना टांगायचे, टिचकी मारायचे, डोळे मिटायचे. आधी कधी विचारलं नव्हतं, पण आता आमच्याकडं बघून विचारायचे, "वाजतोय न्हवं?"

शेटजींसमोर नाही कसं म्हणायचं? "व्हय उस्ताद!" आम्ही म्हणायचो. थड वाजलेला पाना आमच्या पिशवीत यायचा. मग नामदेव गुपचूप मागं राहून तो शेटजींकडून बदलून घ्यायचा. शेटजी बदलून द्यायचे. एकदा ते नामदेवाला म्हणाले, "पोपट माझा हाय, तो बोलतो कसा ते मला कळत न्हाय व्हय?" माणूस व्यापारी होता, पण गावात बोलला नाही कधी.

असा एक पाना बदलायचा राहून गेला. गडबड होती, दुकान बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी नेमका तोच हातात दिला, फ्लायव्हीलचा नट सोडताना तो तुटला आणि नामदेवाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून गेलं. दवाखान्यात उस्ताद त्याच्या उशाशी बसले होते. नामदेव पुन्हा पुन्हा मोठ्यानं सांगत होता, "माझाच हात घसरला, उस्ताद! पान्याला काय झालं न्हाय!"

पान्याचे दोन्ही तुकडे मी तोपर्यंत एका विहिरीत टाकले होते.

*

आता बेंबळी गावचा किस्सा.

बेंबळीला एका मोठ्या शेतकऱ्याचं इंजिन चौथऱ्यासकट विहिरीत ढासळलं होतं. ऊस वाळत होता. आमची इंजिन उचलायची जुनी चेनकुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी, झिजली होती, म्हणून शेतकऱ्यानं स्वतःच शेटजींकडून नवी आणून ठेवली होती. पोपट छाप! विहिरीच्या काठावर निम्मं गाव जमलं होतं.

उस्तादांनी कुप्पीचा आकडा सुतळीला टांगला आणि टिचकी मारली.

थड.

मला ऐकू आलं. नामदेवाला ऐकू आलं. काठावरच्या म्हाताऱ्यांनाही आलं असावं, कारण ते बोलायचे थांबले.

"वाजतोय," उस्ताद म्हणाले. या वेळी त्यांनी विचारलंही नाही. पायजमा वर खोचला आणि खाली उभं राहायला विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले.

नामदेव आडवा झाला. "उस्ताद, म्या जातो खाली."

"पास म्या केलंय. सरक."

"वाजत न्हाय ते, उस्ताद."

उस्ताद त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "काय म्हणतोय ह्यो?"

मी नामदेवाकडं बघितलं. सगळे लोक आमच्याकडं बघत होते. नामदेवानं त्यांचा तळहात धरला, आकड्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं हातोडी मारली.

टण्ण लोखंडाची थरथर तळहाताला कळते; ही आकड्यातच विझली. "अजून एकदा," म्हणाले.

नामदेवानं मारली.

"अजून."

मारली. उस्तादांचा हात आकड्यावरच होता, पण आता ते नामदेवाच्या हातोडी धरलेल्या हाताकडं बघत होते. त्या थोट्या बोटाकडं. मग पायरीवर खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नामदेवा," ते म्हणाले, "त्यो पाना... त्यो बी असाच वाजला हुता का रं?"

नामदेव त्यांच्यासमोर उकिडवा बसला. तोंड अगदी त्यांच्या तोंडासमोर नेलं आणि सगळ्या बेंबळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"न्हाय, उस्ताद! त्यो टण्ण वाजला हुता!"