शत्रू रूमवर राहायला आला

"मेल्या, शिवी दे! नुसती एक तरी शिवी दे!"

आमचे शाहीर गाणं सोडून ओरडत होते. समोर तुरेवाल्यांचा शाहीर मांडी घालून गोड हसत होता. आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या त्या गोदामात शुक्रवारच्या सुट्टीला अरादपासून उम्म अल हस्समपर्यंतची झाडून सगळी कोकणी माणसं जमलेली, आणि त्यातली निम्मी पेंगत होती.

शक्ती-तुऱ्याचा सामना म्हणजे दोन पार्ट्यांनी गाण्यातून एकमेकांची अब्रू काढायची. आम्ही शक्तीवाले, मी झांजेवर. नव्वदीच्या सुरुवातीला काय दिवस होते! आमचे शाहीर वेल्डर, तुरेवाला क्रेनवर. आमचे गात, "ह्याची क्रेन माल मागाहून उचलते, आधी ह्याचं पोट उचलते!" तो उलट फेकायचा, "ह्याच्या वेल्डिंगपेक्षा माझ्या आजीचं पिठलं घट्ट धरतं!" वरचा सूर लागला की अरादच्या किल्ल्यावरची कबुतरं घाबरून थेट सौदीला जात आणि व्हिसा नाही म्हणून संध्याकाळी परत पाठवली जात. मी स्वतः पाहिलंय.

लोक म्हणतात, कलावंत दारूनं बिघडतो, वयानं बिघडतो, डोक्यात हवा गेली की बिघडतो. साफ खोटं. आमचे दोघं बिघडले ते एसीमुळे.

ऐन ऑगस्टात तुरेवाल्याच्या कॅम्पातला एसी बंद पडला. तिथं नळाखाली अंडं धरलं तर उकडून निघायचं. आमच्या शाहिरांना दया आली. "शत्रू असला तरी गाववाला," म्हणत त्यांनी त्याला आपल्या रूमवर खाट दिली. मग मेस एक झाली. मग ह्यांना ताप आला, तर त्यानं पेज भरवली. आता पेज भरवणाऱ्याच्या पोटावर गाणं कसं रचणार? पोट विषयातून गेलं. पाठोपाठ वेल्डिंग गेलं. उरलं काय, तर "तुझा गळा गोड" आणि "छे छे, तुझाच". सामना कसला, व्याही भेटले होते!

गोदामाचे स्टोअरकीपर, आमचे रत्नागिरीचे चाचा, दारात उभे होते. आज रंगलं नाही तर पुढच्या शुक्रवारपासून इथं व्हिडिओ, असं त्यांनी बजावलं होतं. गोदाम गेलं तर एवढा दंगा आम्हाला दुसरीकडे कोण करू देणार? म्हणून ती ओरड.

तुरेवाल्यानं घसा खाकरला. मी झांज उचलून धरली. आणि तो गायला, "माझ्या सोबत्याच्या मुखी अमृताची धार..."

"खलास!" चाचा म्हणाले. "अरे, ह्यापरीस माझ्या निकाहाची बोलणी जास्त तापली होती. पुढच्या शुक्रवारी टीव्ही आणतोय."

परतताना पिकअपमध्ये आमचे शाहीर तुरेवाल्यावर तुटून पडले. "गेली! सगळी शाहिरी तुझ्या पेजेपायी गेली! आज रूमवर पोचलो की तुझी खाट बाहेर काढतो. रस्त्यावर झोप, घामानं निथळ, मला मनापासून शाप दे, आणि मग गा!"

तुरेवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या काढ. आज बिरड्याचे वाल सोलून ठेवलेत."