साफ केलेला फोटो

माझ्या धाकट्या दिराला आमच्या गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला अपडेट म्हणतात. पिशव्या सांभाळत जिना चढणाऱ्या बाईलासुद्धा तो वाटेत थांबवून विचारायचा, "काकू, फोन अपडेट केलात का?" त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. लग्न त्याने केलं नाही. विषय काढला की म्हणायचा, "वहिनी, माझी बॅटरी एका माणसापुरतीच आहे."

त्याचं काम ऑफिसांमधले प्रिंटर आणि झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करण्याचं. नखांत कायम काळी पूड. कितीही घासले तरी हात स्वच्छ दिसत नाहीत. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्याचं टेबल, त्यावर उघडून ठेवलेले फोन, बारीक स्क्रू ठेवायला माझ्याच मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या. त्या परत मागायचं मी कधीच सोडून दिलं.

मतं मात्र त्याची ढीगभर. जेवताना बातम्या लागल्या की तो आवाज बंद करायचा. "आता बघा. आवाज गेल्यावर जेवढं उरतं तेवढीच बातमी." पडद्यावर चार माणसं नुसती तोंडं उघडत-मिटत असायची. "उरलं काही?" तो विचारायचा. आमचे हे वैतागून म्हणायचे, "अरे, पण मला ऐकायचंय." त्यावर तो म्हणे, "तुला ऐकायचं नाहीये दादा, तुला चिडायचंय. ते लोक तुझी चिडच विकतात." पुढाऱ्याच्या भाषणाचा तुकडा कुणी पाठवला की भाषणाआधी तो तुकडा कुणी कापला हे शोधायचा. यंत्राने बनवलेले खोटे फोटो कसे ओळखायचे, हे त्याने दारोदार जाऊन सांगितलं होतं. बोटं मोजा, कान बघा, मागच्या पाटीवरची अक्षरं वाचा. लोक हसायचे, पण अडलं की त्याच्याकडेच यायचे.

त्याचा खरा श्रोता म्हणजे कोपऱ्यावरचे टेलर मास्टर. वयाने वडिलांसारखे, पण दोघांची दोस्ती बरोबरीची. संध्याकाळी कामावरून आला की हा आधी त्यांच्या दुकानात टेकायचा, मग घरी. मास्टर छापील पेपर वाचणारे. शिलाई मशीनवर बसून बसून त्यांची पाठ विळ्यासारखी वाकलेली. गल्लीतली पोरं त्यांना पाहून "काका, काय हरवलं?" म्हणायची, आणि तेही न चिडता म्हणायचे, "कंबर हरवलीय, सापडली तर आणून द्या."

एकदा याने फोनने आपल्या अंगाचं माप काढून त्यांना दाखवलं. मास्टरांनी चष्मा वर सारून ते वाचलं. "या मापाचा शर्ट शिवला तर तुझा भाऊपण आत मावेल." मग टेप न घेताच म्हणाले, "तुझा उजवा खांदा खाली आलाय. यंत्रं उचलून उचलून. तुझ्या फोनला कळलं का ते?"

मास्टरांची एक जुनी करडी स्कूटर होती. सुट्टीच्या दिवशी दोघं तिच्यावरून बाजारात जायचे, एकाला दोरे-बटणं हवी असायची, दुसऱ्याला सुटे भाग. मास्टर चालवायचे, हा मागे बसून त्यांच्या कानात जगाच्या गोष्टी सांगायचा.

आमच्या फाटकावर कॅमेरा लावायचा हट्ट याचाच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "खर्च कशाला? इथे काय चोरायला सोनं पडलंय?" हा म्हणाला, "माणूस साक्ष फिरवतो. कॅमेरा फिरवत नाही." शेवटी स्वतःच एक जुना कॅमेरा आणून त्याने लावला.

पहिल्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहायच्या. गल्लीतली अर्धी मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. एका संध्याकाळी त्या दूध घेऊन परत येत होत्या, तेव्हा फाटकाजवळ एका स्कूटरने त्यांना उडवलं. स्कूटरवाला थांबला. वळून बघितलं. आणि निघून गेला. बाई तशाच पडून होत्या, वरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला दिसेपर्यंत. इस्पितळात दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर काही करता आलं असतं.

त्यांचा मुलगा परगावाहून आला आणि सरळ आमच्या दारात उभा राहिला. "तुमच्या कॅमेऱ्यात आला असेल ना तो?" आला होता. अंधुक उजेड, नंबर वाचता न येणारी करडी स्कूटर, चालवणाऱ्याची पाठ, आणि तो वळला त्या क्षणी चेहऱ्याच्या जागी एक फराटा. बोटाने पुसल्यासारखा.

"यात काही कळत नाही," मी म्हटलं.

"कळेल, वहिनी. आता साफ करता येतं."

नवीन काही तरी त्याच्या संगणकावर होतं. त्याने तो फराटा त्यात घातला आणि बघता बघता तिथे माणूस आला. डोळे, मिशी, गालावरच्या सुरकुत्यासुद्धा. बाईंच्या मुलाने याचे दोन्ही हात धरले. सेक्रेटरींनी पाठ थोपटली. आजवर ज्याच्या बोलण्यावर सगळे हसले, त्याच्याभोवती त्या दिवशी घरभर माणसं उभी होती.

त्याने फोटो गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: चेहरा साफ केला आहे, ओळख पटते का बघा. यातलं बरंचसं यंत्राने आपल्या मनाने भरलेलं असतं, हे लिहिलं नाही. चार शब्द जास्त लागले असते.

आधी औषधाच्या दुकानदाराने लिहिलं, हे मास्टरांसारखे वाटतात. मग कुणी लिहिलं, स्कूटर तर त्यांच्यासारखीच आहे. संध्याकाळपर्यंत "सारखे" गळून गेलं आणि नुसते मास्टर उरले. फोटो दुसऱ्या गल्ल्यांत गेला, मास्टरांना जन्मात न पाहिलेल्या लोकांकडे गेला.

"मास्टर आहेत का रे ते?" मी विचारलं.

तो ताटाकडे बघत होता. "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, वहिनी. मी फक्त फोटो साफ केला."

पोलिसांनी मास्टरांना बोलावलं, दिवसभर बसवून ठेवलं, स्कूटर उलटीसुलटी करून पाहिली. काही मिळालं नाही म्हणून सोडलं. सोडलं तर लोक म्हणाले, कुणाची तरी ओळख लावली असणार. शाळेच्या गणवेशाचं काम गेलं. एकेक गिऱ्हाईक येऊन न शिवलेलं कापड परत घेऊन गेलं, कुणी भांडलंही नाही. शटरवर कुणी तरी काळ्या रंगाने एक शब्द लिहिला. तो मी इथे लिहीत नाही.

दीर आता दुसऱ्या रस्त्याने घरी यायला लागला. तो लांब पडतो.

माझे पडदे मास्टरांकडे शिवायला होते. मी गेले तेव्हा ते रॉकेलच्या फडक्याने शटर घासत होते. शब्द पुसट झाला होता, पण वाचता येत होता. ते म्हणाले, "कापड न्यायला आलात ना? बांधून ठेवलंय."

"नाही. झालेत का ते विचारायला आले."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी पडदे तयार होते. काठाची दुमड मशीनवर न मारता हाताने घातली होती. तेवढा रिकामा वेळ आता त्यांच्याकडे होता.

घरी येऊन मी पडदे दिराच्या टेबलावर ठेवले. "तुझं ते यंत्र पुन्हा चालव. माझ्यासमोर."

"कशाला?"

"चालव म्हणते ना."

त्याने तोच फराटा पुन्हा घातला. या वेळी आलेला माणूस तरुण होता, डोळ्यांवर चष्मा. मी म्हटलं, "अजून एकदा." तिसऱ्यांदा आला तो गोल चेहऱ्याचा, दाढीवाला. एका डागातून तीन माणसं, आणि तिघंही अशी ठळक की हाक मारली तर ओ देतील.

"यातला खरा कोण?"

"कुणीच नाही, वहिनी. दिसत नसलं तर ते दिसत नाही म्हणत नाही. ठोकून देतं."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

त्याने वाटीतला एक स्क्रू उचलला, परत ठेवला. "सगळे उभे होते. मलाही वाटलं, या वेळी बरोबर आलंय."

त्याच दिवशी त्याने तिन्ही चेहरे ग्रुपवर टाकले. या वेळी सगळं लिहिलं, स्वतःची चूकही लिहिली. सेक्रेटरींनी उत्तर दिलं, "मित्रावर आली तेव्हा शहाणपण सुचलं का?" वरच्या मजल्यावरच्या एका पोराने लिहिलं, "काका, फोटो बनवता येतात हे तुम्हीच शिकवलंत. हे दोन तुम्ही आत्ता बनवलेत." त्याच्यावर हसणारी चिन्हं पडली. बाईंच्या मुलाने एकच ओळ लिहिली: मग कोण होता? त्याचं उत्तर याच्याजवळ नव्हतं. आणि लोकांचं असं आहे, की त्यांना चुकीचं उत्तर चालतं, पण "माहीत नाही" पचत नाही.

"मास्टरांकडे जायला हवं," मी म्हटलं.

"तुम्ही चला बरोबर," तो म्हणाला. आईच्या मागे लपणाऱ्या पोराचा चेहरा झाला होता त्याचा.

मास्टर स्टुलावर बसून होते. मशीनवर फडकं टाकलेलं. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. हा उभ्याउभ्याच सगळं सांगत सुटला. यंत्र कसं चालतं, फराटा कसा भरला जातो, ग्रुपवर काय लिहिलं. मास्टरांनी ऐकून घेतलं.

"हे सगळं राहू दे," ते म्हणाले. "मला एक सांग. तो फोटो आला तेव्हा तुला त्यात मी दिसलो का?"

मला वाटलं, हा नाही म्हणेल. म्हटलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता.

"दिसलात," तो म्हणाला.

मास्टरांनी मान हलवली, गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप लक्षात ठेवावं तशी. "तो व्हिडिओ आहे तुझ्याकडे? साफ न केलेला? लाव."

त्याने फोनवर लावला. मास्टर पुढे झुकले. "चेहरा सोड. पाठ बघ."

आम्ही पाठ बघितली. स्कूटरवरचा माणूस ताठ बसला होता. अगदी पट्टी लावल्यासारखा ताठ. तो आला तेव्हा ताठ होता, वळला तेव्हा ताठ होता, बाईंना टाकून गेला तेव्हाही तसाच. त्या पाठीला चोळण्याची, पुसण्याची काही गरज नव्हती. पहिल्या दिवसापासून ती तिथे होती, आणि फोटो आल्यावर त्या व्हिडिओकडे पुन्हा कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. मीही नाही.

"सुट्टीच्या दिवशी तू माझ्या मागे बसून एवढा फिरलास," मास्टर म्हणाले. "समोर माझी पाठ सोडून दुसरं काय होतं रे तुला बघायला?"

दिराने फोन खाली केला. मास्टर उठले, फळीवरून एक गुंडाळी काढली. याच्या शर्टाचं निळं कापड, कापून ठेवलेलं. "शिवायचं राहिलं. हात चालत नाही आता तुझ्या कापडावर. दुसऱ्या कुणाला जमलं तर बघ." त्यांनी ते याच्या हातात दिलं नाही, माझ्या हातात दिलं.

पुढे याने तो व्हिडिओ पोलिसांकडे नेला, ग्रुपवर टाकला, पाठीभोवती लाल गोल काढून. पोलिसांनी लिहून घेतलं. ग्रुपवर कुणी तरी म्हणालं, गाडी चालवताना माणूस ताठ बसू शकतो. बाकीचे तोवर दुसऱ्या विषयावर गेले होते. बाईंचा मुलगा परगावी निघून गेला. मनात मास्टरांचाच चेहरा घेऊन गेला असेल, असं मला वाटतं. मास्टर थोड्याच दिवसांत मशीन टेम्पोत चढवून मुलीकडे राहायला गेले. आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. खरा माणूस अजून सापडलेला नाही.

मी रोज संध्याकाळी देवापुढे बसते तेव्हा बाईंची आठवण काढते, मग मास्टरांची. कधी कधी त्या ताठ पाठीच्या माणसाचीही काढते. त्याचा चेहरा एका देवालाच ठाऊक. एकदा दीर माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. "वहिनी, देवाला माहीत असतं ना सगळं?"

"असतं."

"मग तो दाखवत का नाही?"

मी माहीत नाही म्हटलं.

हल्ली बातम्या लागल्या की तो आवाज बंद करत नाही. आमचे हे मुद्दाम आवाज वाढवून बघतात, तरी नाही. परवा कुणाची तरी सायकल गेली, सेक्रेटरींनी अंधुक फोटो पाठवला, साफ करून द्या म्हणून. जसं काही झालंच नव्हतं. याने "दिसत नाही" एवढंच लिहिलं. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतला, आणि ग्रुपवर पुन्हा एक चेहरा आला.

निळं कापड माझ्या कपाटात आहे. सरळ शिलाई मला येते, म्हणून एकदा मी ते पलंगावर पसरलं. मास्टरांच्या खडूच्या रेघा तशाच होत्या. उजव्या खांद्याची रेघ डावीपेक्षा थोडी खाली. मी दिराला म्हटलं, मी शिवून देते. तो दारातूनच म्हणाला, "नको वहिनी. घडी करून ठेवा. हलक्या हाताने करा, खडू पुसला जाईल."