मिस्त्रीचा जिना

नाटकमंडळीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. हातात कसब आणि जिभेवर काटे, असा माणूस. आपल्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. खोटं बोलणंही जमत नसे, ते आणखी एक दुखणं.

नव्या नाटकाचा तिसरा अंक एका उंच जिन्यावर होता. नायक गुन्हा कबूल करत एकेक पायरी उतरायचा. जिना मिस्त्रीचाच. प्रयोगाआधी तो स्वतः चढून प्रत्येक पायरीवर पाय आपटे, मगच पडदा. पण आता गुडघे गेले होते. बायको म्हणाली, दुसऱ्या कुणाला चढवा. त्याने तिला झिडकारलं, आणि तीन प्रयोग नुसती खालून हातोडी ठोकून भागवलं.

त्या दुपारी दुसरा अंक संपल्यावर नायकाचं काम करणारा नट त्याच्याकडे आला. नववी पायरी काल पायाखाली दबल्यासारखी वाटली, म्हणाला.

"मिस्त्री, चढून बघितलंय ना?"

हो म्हणायला काय लागतं? पण नाही.

"तीन प्रयोग चढलो नाही."

"अहो, मग हे आत्ता सांगताय?"

"तुम्ही आत्ता विचारलंत."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. प्रेक्षागृह भरलेलं, आणि जिन्याशिवाय अंक होणार कसा? मिस्त्री सरपटत जिन्याखाली शिरला. पायरी धडधाकट होती. तिला धरणारी बाजूची फळी मात्र बोट जाईल एवढी तडकली होती. टेकू शोधेपर्यंत घंटा झाली. मग त्याने तिथे खांदाच लावला आणि सांगितलं, एका माणसाचं वजन पेलतो, उघडा पडदा.

पेललंही त्याने. नट जपून उतरला, पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या. आणि पडदा पुन्हा उघडला तेव्हा अकरा नट रोजच्यासारखे अभिवादनाला जिन्यावर धावले. त्या वेळी मिस्त्री नेहमी विंगेमागे हत्यारं आवरत असायचा. त्यामुळे जिन्यावरचं हे अभिवादन त्याला आठवलं नाही, आणि घाईत इतरांनाही नाही. एक, दोन, पाच. फळी करकरली. पडद्यामागच्या माणसाचा आवाज रंगमंचावर जाता कामा नये, हे त्यानेच साऱ्यांना शिव्या घालून शिकवलेलं.

"उतरा खाली!" तो ओरडला.

सगळ्यांनी उड्या टाकल्या. कुणाला खरचटलंही नाही. फळी तुटून जिना कोसळला तेव्हा खाली तो एकटाच राहिला होता.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात मॅनेजर आला. पाय वाचणार की नाही, ते डॉक्टर उद्या सांगणार होते. लाकूड सडकं निघालं असं लिहून देऊ, मॅनेजर हळूच म्हणाला, म्हणजे तुमची जागा राहील. बायको म्हणाली, एकदा तरी ऐका कुणाचं.

"लाकडाला नावं ठेवू नका," मिस्त्री म्हणाला. "पारखून मीच घेतलं होतं."

उजवा हात प्लास्टरमध्ये. त्याने मॅनेजरपुढचा कागद बायकोकडे सरकवायला लावला. तिने पेन घेतलं खरं, पण टेकवेना.

"लिही," तो म्हणाला. "चढून बघितलं नाही. एक नाही, तीन प्रयोग."