अंजनाबाईंचा पालथा ग्लास

आमच्या हाडांच्या वॉर्डात ‘पाच मिनिटं’ हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. कोणी हाक मारली की आम्ही ते देऊन मोकळ्या होतो. चाळीस खाटा आणि दोन सिस्टर. मी, पुष्पलता, सव्वीस वर्षं हेच करतेय, आणि हल्ली माझाच मला संताप येतो.

दामिनी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. होस्टेलात जागा नाही म्हणून रोज उमरेडहून एसटीनं यायची. आई हातमागावर बसते. पोरीचा हात हलका, अक्षर मोत्यासारखं, आणि रुग्णाशी कसं बोलावं या विषयात वीसपैकी अठरा मार्क. त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं तिला वाटायचं.

मग तिच्याकडे अंजनाबाई आल्या. पारशिवनीकडच्या, पासष्टीच्या. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधलेलं. कुशीवर वळायचीही सोय नव्हती. लघवी कमी, अंगात ताप, तपासणीत किडनीचा आकडा चढलेला. डॉक्टरांनी बजावलं, भरपूर पाणी पाजा, आकडा उतरला नाही तर ऑपरेशन होणार नाही. म्हणजे बाई जन्मभर अंथरुणावर.

दामिनी तासातासाला पाणी घेऊन जायची. आवाज मऊ, चेहरा हसरा, सगळं पुस्तकाबरहुकूम. अंजनाबाई “ठेव वं माय” म्हणायच्या आणि तोंड फिरवायच्या. तिसऱ्या दिवशी तसाच भरलेला ग्लास बघून पोरगी भडकली.

“आजी, काहून पेत नाही तुमी पाणी? मी काय जहर देऊन राहिली का?”

साऱ्या वॉर्डानं ऐकलं. मी तिला झापायलाच उठले. पण अंजनाबाई पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

“पेलं का मंग बेडपॅन मांगा लागते. परवा तुलेच मांगतला. पाच मिनिटं म्हणून गेली तं आलीच नाही. सारं ओलं झालं. बाजूच्या खाटेवरचे पाहुणे पाहून राहिले होते. आता मी पाणीच पेत नाही.”

दामिनीचा चेहरा उतरला. त्या वेळी एका कागदावर सही आणायला तिला वरच्या मजल्यावर मीच पिटाळलं होतं. तिच्या वहीत त्या दिवशीची नोंद होती: रुग्णाला धीर दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती आधी बेडपॅन आणायची, खाटेखाली झाकून ठेवायची, मग ग्लास पुढे करायची. वॉर्डात पडदा नाही, म्हणून स्वतः चादर धरून उभी राहायची. जाताना “येते” म्हणायची नाही, यायची. अंजनाबाई पाणी पिऊ लागल्या. आकडा उतरायला लागला, ऑपरेशनचा गुरुवार ठरला.

आणि सोमवारी दामिनीची ड्यूटी बदलली. पंधरा दिवस झाले की विद्यार्थिनी दुसऱ्या वॉर्डात. मी ट्यूटर मॅडमना चार दिवस मागितले. वेळापत्रक वरून येतं, म्हणाल्या. डोकं फुटायची वेळ आली!

नवी मुलगी आली, हसरी. अंजनाबाईंनी हाक मारली तर म्हणाली, “आजी, पाच मिनिटांत येते हं.”

संध्याकाळी मी राउंडला गेले तर ग्लास पालथा.

“थे उमरेडवाली कुठं गेली?”

“दुसऱ्या वॉर्डात. मी आहे ना, अंजनाबाई. प्या पाणी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागही नव्हता त्यात.

“तुमी तं रोजच आहा, सिस्टर.”