काकांच्या अंगातला करंट

घर्षणाने पदार्थ प्रभारित होतात, हे वाक्य मी शाळेत घडाघडा म्हणून दाखवायचे, पण तसं होताना एकदाही पाहिलं नव्हतं. तो धडा आमच्याकडे यायचा जुलैच्या अखेरीला. कोल्हापुरातला जुलै म्हणजे भिंतींना ओल, वह्यांना कुबट वास आणि दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळायचं नाव नाही. बाई प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासायच्या, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायच्या, आणि कपटे ढिम्म. हवा दमट असली की घासून जमा झालेला प्रभार लगेच निसटून जातो, हे बाईंना माहीत असणार. पण धडा तर पुढे न्यायला हवा. "कपटे कंगव्याकडे ओढले गेले, असं लिहा," त्या म्हणायच्या, आणि आम्ही 'निरीक्षण' या मथळ्याखाली ते सुवाच्य अक्षरात लिहायचो. पुढे कॉलेजात प्रभार ओळखायचं उपकरण होतं, त्यातलं सोन्याचं पान फाटलेलं. त्याची आकृती मात्र मी इतकी झकास काढली की सरांनी ती वर्गभर फिरवली.

अशा रीतीने मी भौतिकशास्त्राची पदवीधर झाले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्न झालं, आणि सासऱ्यांची शिरोली एमआयडीसीत पावडर कोटिंगची शेड निघाली. ट्यूबलाइटच्या पत्र्याच्या पट्ट्या, शिलाई मशीनचे स्टँड, पंख्याच्या जाळ्या असलं काहीबाही तिथे रंगायला यायचं. सून शेडवर कशाला, असं शेजारच्या दोन बायकांनी विचारून झालं. मी डबा पोहोचवायच्या निमित्ताने जायचे आणि चार वाजेपर्यंत तिथेच रेंगाळायचे.

कारण तिथे मला जन्मात पहिल्यांदा प्रभार दिसला. रंगाची कोरडी पूड असते, मैद्यासारखी. ती फवारायच्या गनमधून उडते तेव्हा तिला प्रभार मिळालेला असतो. समोर आडव्या लोखंडी पाइपाला तारेच्या आकड्यांनी पट्ट्या टांगलेल्या. तो पाइप तांब्याच्या पट्टीने बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेला. पुडीचा ढग निघायचा आणि समोरून मारलेली पूड चक्क वळसा घालून पट्टीच्या पाठीमागे जाऊन बसायची. मग पट्ट्या भट्टीत जायच्या, पूड वितळायची, रंग पक्का. मला भट्टीचं काही वाटायचं नाही. मी तो वळसा बघत उभी राहायचे.

गन चालवायचे शेडवरचे एक कामगार, सगळे त्यांना काका म्हणत. पेठ वडगावहून रोज यायचे. पन्नाशी उलटलेली, अंगाने सडपातळ, बारा वर्षं हातात गन. सकाळी आल्याआल्या चपला काढायच्या, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, मगच चहा. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलेलं असतं, ते ओलं राहिलं तरच वीज जमिनीत नीट उतरते. मी त्यांना एकदा विचारलं की पूड मागच्या बाजूला कशी काय जाते.

"पावडरीला जिमिनीकडं जायचं असतंय, वैनी," ते म्हणाले. "जॉब वाटंत गावतो. मग तितंच बसती."

जॉब म्हणजे रंगवायला टांगलेली वस्तू. तीन वर्षांच्या कॉलेजात मला हे इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

तर, खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा. आदल्या दोन दिवसांत सगळं घासूनपुसून रंगवायचं, मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. दरवर्षी भट्टी, कॉम्प्रेसर आणि गनची पेटी रंगवत. त्या वर्षी काका गारगोटीला थोरल्या लेकीकडे गेले होते, आणि मला नव्या सुनेचा उत्साह. सगळं चकाचक झालं आणि तो आडवा पाइप तेवढा काळाकुट्ट दिसायला लागला. माझ्याने राहवेना. स्टूल घेतलं आणि निळा ऑइल पेंट मारला. एक हात मारून भागलं नाही, म्हणून दोन हात मारले. भिंतीजवळची वीतभर जागा राहिली, कारण तिथे हात पोचेना आणि स्टूल डुगडुगत होतं.

पूजेला आलेल्या प्रत्येकाला सासऱ्यांनी तो पाइप दाखवला. "सूनबाईंनी रंगवलाय. शिकल्याली हाय." काका गारगोटीहून परतले तेही म्हणाले, "लई झ्याक दिसतंय की!" मी नुसती फुगले.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं आणि पूड बसेना. कुठे पातळ, कुठे ठिपके, निम्मी खाली. वळसा तर गायबच. आणि टांगलेली पट्टी काढायला काकांनी हात लावला की सणसणीत झटका. सासऱ्यांनी वायरमन बोलावला. त्याने खड्डा तपासला, तांब्याची पट्टी तपासली, गन तपासली, सगळं ठणठणीत निघालं. पुडीचं खोकं बदललं, तरी तेच. मग दोष द्यायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे माणूस.

"हात ऱ्हायला न्हाय तुझा," सासरे त्यांना सगळ्यांदेखत म्हणाले. दिवाळीनंतर गनवर नवा माणूस घ्यायचा असं ठरलं, आणि काकांना तोवर पट्ट्या धुवायच्या टाकीवर बसवलं. गन दुसऱ्या एका कामगाराच्या हाती दिली. त्याचं कामही तसंच झालं, पण त्याला शिकाऊ म्हणून माफी होती.

मला राग आला. सासऱ्यांचा आला, तसाच काकांचाही, कारण ते एक शब्द बोलले नाहीत. एक दिवस मी टाकीपाशी जाऊन त्यांना सरळ म्हटलं, "तुम्ही गप्प का बसलाय?"

ते हात पुसत म्हणाले, "मालकांचं खरं हाय, वैनी. माझ्याच अंगात काय तरी झालंय. बारा वर्सं गन धरलीया. करंट भरलाय अंगात."

"असं होत नसतं, काका."

"मग घरात कसं झालं? खुर्चीतनं उठलो, नातीला उचलाय गेलतो. बोट लागल्याबरुबर चट्ट आवाज आला. पोरगी कळवळून रडली. तवापासनं तिला हात लावला न्हाय म्या." ते टाकीतल्या पाण्याकडे बघत होते. "अडीच वर्साची हाय. हात पसरून येती. मी भाईर जातो."

हा माणूस गन गेल्याचं दुःख करत नव्हता. तो घरात नातीपासून पळत होता, आणि माझ्याकडे पदवी असून त्याला सांगायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं.

त्या दिवसापासून मी शेडवर नुसती बघत बसले. खुर्ची टाकून, कुणाशी न बोलता. शाळेत कधी केलं नव्हतं ते निरीक्षण आता खरोखर करत होते. पट्ट्या टांगल्या जायच्या, गन चालायची, पूड गळायची. दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की प्रत्येक खेपेला एक पट्टी चांगली निघते. अगदी गुळगुळीत, पाठीमागेसुद्धा. आणि ती दरवेळी शेवटची असते, भिंतीजवळची.

मी वर बघितलं. तिचा आकडा त्या वीतभर जागेवर होता, जिथे माझा हात पोचला नव्हता.

पुढचं समजायला पदवी कशाला, काकांचं वाक्य पुरेसं होतं. रंगातून वीज जात नाही. आकडे माझ्या दोन हात पेंटवर बसलेले, म्हणजे पट्ट्यांची जमिनीकडची वाट मीच बंद केलेली. मग पुडीबरोबर येणारा प्रभार पट्टीवरच साठायचा, नव्या पुडीला ढकलून द्यायचा, आणि हात लावेल त्याला झटका.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार लपवायचाच आला. दुपारी सगळे जेवायला बसले की पॉलिश पेपरने पाइप खरवडायचा, चारला पूड बसायला लागेल, कुणाला पत्ता नाही. सासऱ्यांच्या तोंडचं कौतुक शाबूत राहील आणि काकांना गनही परत मिळेल. मी पॉलिश पेपर शोधूनसुद्धा आणला. पण मग काकांना काय वाटलं असतं? अंगातला करंट आपोआप आला तसा आपोआप गेला, आणि पुन्हा केव्हाही येईल. नात हात पसरून आली की ते बाहेरच गेले असते.

सगळे डबे उघडून बसले होते, तिथे गेले. "मामंजी, चूक माझी आहे," मी म्हटलं, आणि पाइप, रंग, भिंतीजवळची वीत सगळं सांगून टाकलं. काकांकडे मात्र बघवेना.

सासऱ्यांनी घास हातात धरूनच वर पाइपाकडे बघितलं. "दोन हात दिलतंस न्हवं?"

"हो."

"मग आता घास बस."

मी घासला. तासभर. निळा भुगा केसांत, डोळ्यांत, नव्या साडीवर. कुणी मदतीला आलं नाही, आणि येऊही नये असंच मला वाटत होतं. नंतर सासऱ्यांनी स्वतः गन उचलून काकांच्या हातात दिली. माफीबिफी काही नाही, तसा त्यांचा स्वभावच नव्हता. पूड निघाली, वळसा घेऊन पाठीमागे जाऊन बसली. मला रडू आलं, ते मी भुग्यावर ढकललं.

वाटलं, झालं. पण संध्याकाळी काका जाताना, चपला घालायच्या आधी थांबले. "पायपाचं कळलं, वैनी. पर घरातलं? घरात कुठं पायप हाय?"

मी विचारलं, कुठल्या खुर्चीतून उठला होता? प्लास्टिकच्या, दसऱ्याला घेतलेली नवी. अंगात काय होतं? टेरिकॉटचा शर्ट. पायात? रबरी चपला. मग मी पर्समधला कंगवा काढला, वेणी सोडली आणि केसांवर जोरजोरात घासला. चहाच्या बिलाचा कागद फाडून कपटे केले. कंगवा जवळ नेला.

कपटे टुणकन उडाले आणि कंगव्याला चिकटले. मी किंचाळलेच. कोरडी हवा होती, पाऊस कधीच संपला होता, आणि मी शाळेच्या वहीत लिहिलेली गोष्ट इतक्या वर्षांनी घडताना बघत होते. काका मला हसले, बहुतेक दसऱ्यानंतर पहिल्यांदाच.

"आता बोट न्या," मी म्हटलं. त्यांनी भीतभीत आपलं बोट कपट्यांजवळ नेलं. एक कपटा हलला नाही. मग त्यांना कंगव्यावरून ओला तळवा फिरवायला सांगितला. कंगवा परत कपट्यांजवळ नेला. काही नाही.

"कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या हातातनं, पायातनं, जमिनीत. अनवाणी माणसात तो राहतच नाही, काका. त्या दिवशी खुर्चीवर शर्ट घासला, पायात रबर होतं, म्हणून घटकाभर अडकला. नातीला लागला तेवढाच. संपला."

त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. "म्हंजे मी बी अर्थिंगच की."

"हो."

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा की बारा वर्षांच्या गनवर, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. रंग लावणारीही मीच होते ना.

दिवाळीत त्यांनी आम्हाला पेठ वडगावला फराळाला बोलावलं. सासरे गेल्यागेल्या चकलीवर तुटून पडले. नात झुळझुळीत नायलॉनच्या फ्रॉकमध्ये, पायात रबरी बूट घालून, त्या नव्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. काका लांब, सारवलेल्या अंगणाच्या कडेला, अनवाणी उभे. घसरता घसरता तिला आजोबा दिसले. ती हात पसरून धावली, आणि या वेळी ते बाहेर गेले नाहीत. हात पुढे केला.

चट्ट! मलासुद्धा ऐकू आलं.

"आज्ज्या, चावलास!" ती ओरडली.

काकांनी हात झटकन मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग तिच्या फ्रॉककडे, बुटांकडे, मग खाली आपल्या उघड्या पायांकडे.

"म्या न्हाय, बाय," ते म्हणाले. "तूच चावलीस मला." आणि दोन्ही हातांनी तिला उचलून कडेवर घेतलं.