समोरच्याचं तोंड

पोळ्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून पांढुर्ण्याला येताना तो गाडीत माझ्यासमोर बसला होता. परदेशात वेल्डर होता, सुटीवर गावी निघाला होता. नाव विचारायला त्याने फुरसतच दिली नाही.

बोलताना तो सारखा डावी भुवई चोळायचा. तिच्यावर जुन्या टाक्यांची खूण होती. काटोल गेल्यावर त्याने बॅगेतून लोखंडी जाळीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि त्यातून एकेका प्रवाशाकडे पाहू लागला. मला तो आगाऊपणा वाटला.

"तिथं त्या देशाचं नवं फुटबॉल स्टेडियम बांधून राहिलो, भाऊ. दोन टीमचे लोक येगळे बसते, मंधात हे जाळी. साहेब म्हणे, पत्राच ठोका. म्या म्हटलं, पत्रा नोका लावू. समोरच्याचं तोंड नाही दिसलं तं माणूस जास्तच जोरानं फेकते."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"आपली गोटमार नाही काय!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, ती आमची गोटमार. मीही दरवर्षी जातो.

"अन् हे?" मी भुवईकडे बोट दाखवलं.

"साळ्याचा गोटा. सावरगावचा हाय तो." त्याने जाळीतून माझ्याकडे पाहिलं. "त्याले माह्यं तोंड दिसलं, म्हणून तं हळू लागला."

त्या माणसाने माझी गोटमार पार बिघडवून टाकली. आता गोटा उचलला, की पलीकडे कोण उभं आहे ते आधी दिसतं.